कुतैसीहून पहाटेचं विमान

नेस्तान, बस. चहा घे.
पासपोर्ट पुन्हा चाचपू नकोस, तो पळून जात नाही.

एकोणीस वर्षं मी रात्रपाळी केली,
त्बिलिसी स्टेशनच्या मागे, बावीस खोल्या,
एक लिफ्ट, तीही रुसकी.
काउंटरच्या त्या बाजूने
माणसं कुठे नाडली जातात ते स्वच्छ दिसतं.

भाव फोनवर बघ, पण खोली बोलून ठरव.
मधल्या दलालाचा वाटा आम्हालाही टोचतो,
गोड बोललीस तर त्यातलं थोडं
तुझ्या नाश्त्यात उतरतं.
खोली मागच्या अंगाची माग, लिफ्टपासून लांब.
उशीर होणार असेल तर कळव,
नाहीतर माझ्यासारखी कुणी
तुझी किल्ली दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळी होते.
ठेवलीय मी. एकदा.
तो माणूस रात्रभर सोफ्यावर बसून राहिला
आणि सकाळी मला धन्यवाद म्हणाला.
अजून लागतं ते.

बॅग घरीच तोल. भाजीवाल्या गुगुलीचा काटा आण,
तो नेहमी जास्तच दाखवतो, बरं पडेल.
विमानतळावरच्या त्या लोखंडी पिंजऱ्यात बॅग बसली नाही
तर बॅगेचं भाडं तुझ्या भाड्याहून जड होतं.
कोट मात्र अंगावर असला की त्याला वजन नसतं.
हा शोध माझा नाही. आपल्या गल्लीतून
इटलीत म्हाताऱ्या सांभाळायला गेलेल्या
सगळ्या बायकांचा आहे.
अस्तराला चार लांब खिसे शीव,
चुर्चखेलाची लड उभी मावली पाहिजे,
अक्रोड मोडता कामा नयेत.

आंबट आलुबुखारांची चटणी नेऊ नकोस.
त्यांच्या हिशेबी ती पाणी.
माझ्या दोन बाटल्या तिथेच राहिल्या.
तपासणाऱ्या पोरानं एकीचं झाकण काढून हुंगलं,
क्षणभर डोळे मिटले,
मग टाकली पिंपात.

आणि स्वस्त म्हणताना घाई नको.
तिकिटावर शहराचं नाव असतं,
शहर कधीकधी तासभर पुढे असतं.
बसचं भाडं मिळव, मध्यरात्रीचा चहा मिळव,
मग बोल.

मी नाही मिळवलं.
सगळ्यात खालचा आकडा घेतला:
तारीख बदलायची नाही, पैसे परत नाहीत.
एप्रिलमधले तीन दिवस. बहीण बारीत, सुट्टी कबूल झालेली.
आदल्या रात्री तिची सिन्योरा तापली.
मुलगा मिलानमध्ये, दार सोडायचं नाही,
परक्या बाईला वर घ्यायचं नाही.

तीन दिवस मी त्या बोळात
समोरच्या पायरीवर बसले.
त्सिउरी चौथ्या मजल्यावर, हातात थर्मामीटर.
आम्ही ओरडून बोललो. बोळातल्या बायकांना
आमच्या वडिलांच्या जमिनीची भांडणं
एक शब्द न कळता पाठ झाली.
दुपारी वरून दोरीला बांधलेली टोपली आली,
गरम शेवया, झाकलेल्या.
मी कोटाचे खिसे रिकामे केले,
टोपली वर गेली.
तिनं तिथेच कठड्याशी उभं राहून एक लड खाल्ली,
सिन्योराला तुकडा भरवला असावा,
कारण आतून म्हातारा आवाज आला
आणि त्सिउरी हसली.
सहा वर्षांनी ऐकलं ते हसू. चार मजले खालून.

तेव्हा तारीख बदलता येईल असं तिकीट घे.
चाळीस लारी जास्त जातात, जाऊ देत.
किंवा नको घेऊस, मला काय कळतंय.

बाटली रिकामी ने, आत भरून मिळते.
बाराची मार्श्रुत्का सुटायला अजून वेळ आहे.
उभी राहा, कोट घालून बघू.
डाव्या खिशात काय कोंबलंयस?
दोरी?
असू दे.