मागची बाजू

पेकालोंगानला समुद्र विचारून येत नाही.
भरतीला अंगणात, अंगणातून रंगाच्या हौदात,
आणि नीळ नासते.

म्हणून वेनिंगची चूल विटांच्या चवडीवर.
चुलीवर वाटीएवढी कढई, तिच्यात मेण.
मेणाला इथं मालाम म्हणतात, रात्रीलाही मालामच.
मला आपलं मलम ऐकू येतं.

कास्मिराह चांटिंगच्या चोचीत फुंकर घालते,
पहिला थेंब मनगटावर घेते.
चटका नीट बसला की मेण तयार.
चाळीस वर्षांचे बारीक पांढरे डाग आहेत तिथं.

वेनिंग शहरात चित्रकला शिकून आलेली.
तिला फुलं नकोत, पक्षी नकोत, ढगांची महिरप नको.
ती काढते भिंतीवरची ओलीची रेघ,
गुडघाभर पाण्यातलं शिलाई मशीन,
उंबऱ्याला अडकलेली एक चप्पल.
'हे नेसणार कोण?'
'कुणीच नाही.'
'मग एवढं चांगलं कापड कशाला घेतलंस?'

पाणी काढायचं तर पाण्याला अडवत बसायचं.
जे उद्या पांढरं दिसायला हवं
ते आज झाकून टाकायचं,
आणि कुठं काय झाकलंय ते विसरायचं नाही.
सात बुडवण्या. मध्ये दोन पूर.
मेणाला तडा गेला तिथं निळी शीर उमटली,
वेनिंग म्हणाली, राहू दे.
कास्मिराह काहीच म्हणाली नाही.
तिनं कापड उलटं टाकलं
आणि प्रत्येक रेघ मागून पुन्हा गिरवली.
एकाच बाजूचं बातिक तिच्या लेखी लबाडी.

सेमारांगच्या दालनात काचेची चौकट तयार होती.
वेनिंग अडून बसली. शेवटी बांबूवर,
खोलीच्या मधोमध, हवेत टांगलं.
पाटीवर नाव मात्र एकच छापलेलं.
ती पेन मागत फिरत होती, कुणाकडे मिळेना.

समोर लोक हळू आवाजात बोलत होते,
हात मागे बांधून, मान तिरकी करून.
कापडाखालून कास्मिराहचे पाय तेवढे दिसत होते,
टाचा उचललेले.
चष्मा कपाळावर सरकवून, नाक कापडाला लावून
ती आपली बाजू तपासत होती.

मग पलीकडून आवाज आला, बाजारात हाक मारावी तसा:
'वेनिंग, चपलेच्या पट्ट्याखाली
एक ठिपका राहिलाय गं.
उतरव हे. घरी जाऊन चूल पेटवू.'