चापाचं वजन

साडेतीन लाख, म्हणे. श्रेणिकनं पावतीही दाखवली.
जर्मन नाव. घुगे सर ते तीन प्रकारे उच्चारतात
आणि तिन्ही वेळा पेटीला हात लावतात.
मी लेथवाला. जालन्याच्या वसाहतीत
लोखंडाचा भुगा झाडत वीस वर्षं गेली.
मला किंमत कळते ती सुतात,
फार तर वजनात.

उज्माची बंदूक मीच जुळवली.
नळी परभणीच्या क्लबानं मोडीत काढलेली,
स्प्रिंग दोनदा बदललेली,
दस्ता बाभळीचा, कारण सागवान परवडेना;
रंध्याची दोन पाती खाल्ली त्या बाभळीनं.
गालाखाली चपलेचं रबर.
नेमाची चकती पितळी,
एका समईच्या बुडातून कातलेली.
सगळं मिळून अकरा हजार सहाशे,
छऱ्यांचे दोन डबे धरून.
मजुरी धरली नाही.
धरली असती तर तिचे अब्बा परत आलेच नसते.

जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये आमची रेंज.
एप्रिलची दुपार, पत्रे तडतडायलेले,
आणि कुणीतरी विचारलंच:
सर, एवढ्या पैशात जास्तीचं येतंय काय?

सर राखीव दलातले. तोंडानं उत्तर देत नाहीत.
माझा शिकंजा मागवला,
गोणपाट गुंडाळून दोन्ही बंदुका
एकामागं एक आवळल्या.
पाच-पाच छरे. दहा मीटर.

जर्मनचं भोक एकच.
वर हरभऱ्याची डाळ ठेवली, झाकून गेलं.
माझ्या बंदुकीच्या कागदावर दहाचं नाणं ठेवलं
तर एक भोक तरीही कडेनं बघत होतं.
"लई फरक न्हाई," मीच म्हणालो.
"हाव," सर म्हणाले, "डाळीत आन् नाण्यात असतो तेवढाच."

मग उज्मानं हातात घेतल्या.
आधी आपली: नाणं.
मग श्रेणिकची: तेच नाणं, किंचित डावीकडं.
शेड हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.
अब्बा कपाळ पुसत म्हणाले,
"बगा, उगंच रिक्षा विकायलो होतो."

ती हसली नाही.
श्रेणिकला विचारून तिनं छरा न घालता
जर्मनचा चाप दाबला, डोळे मिटून,
दहादा, बारादा,
जसं डॉक्टर पोट दाबून बघतो तसं.
"काका, हिच्यात चुकलं तर कळतंय, मीच चुकले.
आपल्या बंदुकीत चुकलं
तर बोलू कुणाला?"

दुकानात उत्तर नव्हतं. शोधलं मी,
ड्रॉवर उपसले, चहा गार झाला.
रात्री दोन्ही बंदुका उभ्या केल्या
(जर्मन एका रात्रीसाठी मागून आणलेली,
श्रेणिकनं दिली, घरी न सांगता)
आणि चापाला पिशवी टांगली.
जर्मन दोन लिंबांवर सुटली.
हळूच, कुणी दार लोटावं तशी.
माझीला मिठाचा अख्खा पुडा लागला,
आणि सुटण्याआधी ती अडखळली.
ती अडखळ मी वीस वर्षं ऐकत आलो असणार,
इतर कशाकशात.

तेव्हापासून चाप उघडून बसतो.
तेलाचा दगड, रॉकेल, बनियनची चिंधी.
आठ रात्रींत मीठ गेलं, सात लिंबांवर आलो.
पण आत एक पायरी आहे, केसाएवढी.
भिंगातून दिसत नाही, बोटाला दिसते.
साडेतीन लाखांतून अकरा हजार सहाशे वजा केले
तर हीच उरत असेल का?
अब्बांनी रिक्षाला नवा हुड बसवलाय.
म्हणजे विकायची की ठेवायची,
ते विचारवत नाही.

सकाळी शटर उचललं की उज्मा उभी असते,
शाळेची पिशवी एका खांद्यावर.
झालं का, असं विचारत नाही.
नुसती तर्जनी पुढं करते.