शेपूट बाहेर

बेथेस्डात, बंद पडलेल्या लोहाराच्या दुकानावर माझी खोली.
दोन स्पीकर, एक लॅपटॉप, भिंतींना जुन्या घोंगड्या,
आणि खिडकीत खाणीचा करडा ढीग,
ज्याच्या पाट्यांवर अर्ध्या जगाने मुळाक्षरं गिरवली.

नोनचं गाणं कालपासून अडलंय.
आवाज स्वच्छ. इतका स्वच्छ
की दवाखान्याच्या फरशीवरून चालल्यासारखं वाटतं.
प्रत्येक 'स' सुईसारखा.
ड्रमचा प्रत्येक ठोका दाराशी वसुलीला आलेला.

मग मी ते साधं प्लगइन लावते.
एकच खुंटी त्याला. वर चित्रातली दोन चाकं,
काही करत नाहीत, नुसती फिरतात,
पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून.
खुंटी दोनवर. तीनवर नाही.
सुईचं टोक मोडतं.
ठोका आत येतो, जोडे काढून.
बासला जरा अंग भरतं,
माहेरी महिनाभर राहून आलेल्या बाळंतिणीसारखं.

जिन्यावर इडवाल. वय एक्याऐंशी.
तीस वर्षं त्याने बँगोरला खऱ्या यंत्रापाशी काढली.
डाव्या अंगठ्यावर ब्लेडचा आडवा वण:
कुठल्याशा पुरुषगायकवृंदातला एक खोकला कापताना
थोडा स्वतःलाही कापला होता.

"हे काय विकत घेतलंस?"
टेप, मी म्हणते. म्हणजे, टेपसारखं.
"आणि ही सूं?"
तीही येते त्यात. हवी असेल तर.
तो हसतो, हसणं खोकल्यात जातं.
"आम्ही जन्मभर हिला घालवायला धडपडलो.
रोज सकाळी स्पिरिट, कापसाचा बोळा,
हेड पुसा, त्यात साठलेलं चुंबकत्व उतरवा,
आणि तुम्ही हिला पैसे मोजून घरात घेता!
दुधाची तहान ताकावर, ठीक आहे.
पण ताकात माशी मुद्दाम टाकायची?"

मी त्याला पाठमोरं बसवते.
चालू. बंद. चालू. बंद.
सांग आता.
तो डोळे मिटतो, हनुवटी वर,
वण असलेला अंगठा गुडघ्यावर ताल धरतो.
"हे. हे टेप."

बंद होतं ते.

मी सांगत नाही.
मग सांगते. त्याच्याशी खोटं बोलणं जमत नाही.
तो बराच वेळ खिडकीतल्या ढिगाकडे बघतो.
"पोरगी गाते मात्र चांगली," म्हणतो,
आणि चहा मागतो.

दुसऱ्या कपाला त्याला आठवतं:
"एक गोष्ट ह्यात नसेल बघ.
फीत गुंडाळून वर्षभर कपाटात ठेवली
की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यात उतरतो.
गायकाने तोंड उघडण्याआधी
फार दुरून त्याचाच शब्द ऐकू येतो.
अंगावर यायचं ते. म्हणून आम्ही फीत उलटी ठेवायचो.
शेपूट बाहेर.
मग ते भूत शब्दाच्या मागून यायचं,
आणि मागून आलेल्याला कोणी भूत म्हणत नाही.
प्रतिध्वनी म्हणतात."

त्याची गाडी तिसऱ्या खेपेला सुरू होते.
मी नोनच्या आवाजाची एक प्रत काढते,
सव्वा सेकंद अलीकडे सरकवते,
इतकी खाली उतरवते की पडद्यावर रेघही दिसू नये.
ऐकते.
शांततेत कोणीतरी तिचं गाणं तिच्याआधी म्हणतंय.
मानेवर काटा.

तीच प्रत उचलून पलीकडे नेते, शब्दानंतर.
तिथे ती बसते. कुणाला कळणार नाही,
नोनलाही नाही; इडवालला कदाचित,
पण आता त्याच्या कानांवर पैज लावायला
मी धजत नाही, माझ्याही नाही.

खुंटी दोनवरून दीडवर.
सूं बंद. त्याच्या माशीसाठी.
चाकं फिरतायत, फिरू देत.

फाइलला नाव देते:
नोन, अंतिम, सात, शेपूट बाहेर.

आठवी उद्या.