डावा गाल

आठ दिवस वस्तरा तोंडाजवळ न्यायचा नाही,
असं डोमाजीनं बजावलं.
नुसता उघडायचा, मिटायचा.
पट्ट्यावर वीसदा वर, वीसदा खाली,
आणि वळवताना पाठीवर वळवायचा.
"धारीवर पलटवशीन तं पट्टा कापशीन,
मंग आपल्या गालाचं तू पाह्य."

मी लाइनमन. सोळा वर्षं झाली,
अकरा हजाराच्या तारांशी माझं बोलणं आहे.
आणि या चार बोटांच्या पात्यापुढे
मानेतली शीर उडते
जसा पालीचा गळा.

दसऱ्याला डोमाजीनं दुकान बंद केलं.
पोराचं आर्णीला पार्लर आहे, आत थंड हवा,
अर्धं ब्लेड, एकदा वापरून फेकायचं.
वस्तरा त्यानं मला दिला, तेलकट फडक्यात.
"पोट्ट्याले नाही पायजे.
तू रोज खांबावर चढतं, तुह्या हाताले धीर हाय."
पैसे विचारले, तर म्हणाला,
"मीटर लय जोरात फिरते, तेवढं पाहून घेजो."

नवव्या दिवशी फुगा. फेस लावून.
फुटला. दुसराही फुटला.
तिसरा प्रांजलीनं फुगवून दिला,
त्याला डोळे काढले, मिशा काढल्या,
म्हणाली, हे तुम्ही.
मग माझ्यानं ओढवेना.

उजवा गाल संक्रांतीपर्यंत जमला.
पण डाव्या गालाला डावा हात हवा,
आणि डाव्या हाताला आजवर
कुणी मानाचं काम दिलं नव्हतं.
आरशात तो उलटाच जातो.
मी म्हणतो खाली, तो निघतो कानाकडे.
प्रांजली उंबऱ्यावर बसून मोजते:
"बाबा, आज तीन."
वच्छला तुरटी पुढे सरकवते, बोलत नाही.
ते न बोलणं तुरटीपेक्षा जास्त झोंबतं.

मला ठाऊकच नव्हतं
जबड्याखाली माझे केस आडवे उगवतात,
वाऱ्यानं लोळवलेल्या गव्हासारखे,
आणि कंठाच्या डाव्या अंगाला एक भोवरा आहे.
बेचाळीस वर्षं हे तोंड घेऊन फिरलो,
सातबाऱ्यावर असतो
तेवढाही त्याचा तपशील माझ्याकडे नव्हता.

परवा हळदीला जायचं होतं, संध्याकाळी बसलो.
उजवा झाला. डाव्यावर पातं टेकवलं
आणि लाइन गेली.
अख्खं गाव गेलं.
फोन वाजू लागला. सरपंच असेल, गिरणीवाला असेल,
दहावीचं कुणी पोट्टं असेल.
मी पातं उचललं नाही.
उचललं असतं तर
परत टेकवायला जागा सापडली नसती.

डोमाजी म्हणायचा, "पाहू नोको, आयक.
लागलेली धार कशी वाजते,
वाळल्या पऱ्हाटीतून बकरी गेल्यावानी."
इतके दिवस मला वाटायचं
म्हातारा कायतरी बोलतो.

अंधारात डावा हात आपणहून निघाला.
कानापासून हनुवटीपर्यंत
एक बकरी
बारीक पावलांनी
चरत गेली.

तसाच बाहेर पडलो,
गळ्यावर वाळलेला फेस, कमरेला पक्कड.
डीपीतला फ्यूज उडाला होता. तार बांधली,
दांडा वर केला,
पलीकडच्या गल्लीत पोरं ओरडली, "आली रे आली!"

डीपीसमोरच डोमाजीची बाज.
त्यानं हातानंच बोलावलं.
उजव्या गालाकडे पाहिलंसुद्धा नाही.
डाव्यावर अंगठा फिरवला, उलटा, खालून वर,
हल्ली थरथरतो तो अंगठा,
पण गालावर टेकला की थरथरत नाही.
भोवऱ्यापाशी थांबला.

"अठी दोन राह्यले," म्हणाला.
मी वस्तरा आणायला उठलो.
"राहू दे," म्हणाला, "बस थोडा."