हुजूर पक्षाचा माणूस

आमच्या मराठी वर्तमानपत्रांनी त्यांच्या पक्षाला
फार पूर्वीच नाव देऊन टाकलं होतं : हुजूर पक्ष.
समोरचा मजूर पक्ष. यमक जुळलं, बातमी छापून झाली.
मी हे मिस्टर ऑर्मरॉडना सांगितलं
तेव्हा ते मेथडिस्ट हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते,
स्वतःच, कारण केअरटेकरची कंबर धरली होती.
हुजूर म्हणजे?
म्हटलं, ज्याच्यापुढे वाकायचं असतं तो.
हातातल्या खुर्चीकडे बघून म्हणाले, वाकतोय तर मीच.
आणि पुढची उचलली.

बावीस वर्षं मी त्यांची पत्रं टाइप केली
वेनबीत, लिंकनशायरच्या सपाट टोकाला,
जिथं समुद्र बांधापलीकडे असतो, दिसत नाही,
पण वाळत घातलेल्या चादरी खारट होतात.
दर शनिवारी दहा ते एक लोक यायचे :
तुंबलेला नाला, अडकलेलं पेन्शन,
शेजाऱ्याचा कोंबडा,
युद्धावरून पेटीत परत आलेला मुलगा.
ते सगळ्यांचं ऐकायचे एकाच चेहऱ्यानं.
कोंबड्याचं जरा जास्त.

लंडनला एकदाच गेले, वरून पाहिलं :
हिरवी बाकं, मागून तिसरी रांग.
घंटा झाली की उठायचं,
नेमून दिलेल्या दारातून जायचं,
जाताना मोजून घ्यायचं.
मी मिरजेची, गुरांच्या बाजारामागे वाढलेली,
मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे ते स्वतःच प्रतोद झाले.
म्हटलं, आमच्यात प्रतोद म्हणजे बैलाला टोचायची काठी.
हसले नाहीत.
त्यानंतर अकरा महिने मासेमारी खात्याचे उपमंत्री.
बोटी कमी झाल्या, फायली वाढल्या,
आणि एका बुधवारी फोन आला, आभार मानणारा.
खुर्चीवरचा कोट उचलून ते रेल्वेनं परतले,
डब्यात उभ्यानं, ग्रँथमपर्यंत.

बाहेरून येणाऱ्यांवरचा कायदा आला तेव्हा ते बाजूनं बोलले.
भाषण मीच टाइप केलं. ‘लोंढा’ हा शब्द चार वेळा.
पाचव्यांदा आला तिथं मी थांबले,
खिडकी उघडली, लावली, आणि टाइप केला.
त्याच आठवड्यात आईचा व्हिसा तिसऱ्यांदा नाकारला गेला.
मी बोलले नव्हते. डोळे बोलले असतील.
सोमवारी टेबलावर एक प्रत होती,
त्यांच्याच वाकड्या अक्षरात, मला टाइप करायला न दिलेली :
बाई परत जातील. मी जामीन.

आई सहा आठवडे राहिली.
बांधावर चालायची, साडीवर माझा रेनकोट.
विचारलं, तुझा साहेब कुठल्या बाजूचा?
हुजूर.
मग आपलं मत नाही, म्हणाली. पण जेवायला बोलाव.
ते आले. दोनदा वाढून घेतलं.
लोंढ्याबद्दल कुणी बोललं नाही.
पत्राबद्दलही.

शेवटची मोजणी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, पहाटे चारला.
दोनशे बारा मतांनी गेले.
म्हणाले, एका बऱ्यापैकी अंत्ययात्रेला जमतात तेवढी माणसं.
खिशातलं भाषण काढून घडी आणखी बारीक केली,
जिंकलेल्या मुलीचा हात दोन्ही हातांत धरला.
मी कुणाला मत दिलं
हे बावीस वर्षांत त्यांनी विचारलं नाही.
त्या पहाटेही नाही.
मला वाटलं, विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं,
खरं नव्हे.

परवा शनिवारी हॉलमध्ये गेले, बसपासच्या अर्जासाठी.
रांगेत सातवे ते. हातात टोकन, टोपी मांडीवर.
घरामागचा नाला तुंबलाय.
टेबलापलीकडचा नवा पोरगा मान वर न करता म्हणाला,
नाव? स्पेलिंग सांगाल?
ते सांगू लागले, एकेक अक्षर, सावकाश,
तो चुकू नये अशा बेतानं.
डी-वर पोरगा अडखळला.
शेवटी एकच डी, मी मागून म्हटलं.