पाण्याची पाळी

वैशाख अर्धा सरला. रुस्ताकच्या डोंगरावरून वारा
चुलीवरचं झाकण काढावं तसा उतरतो.
पहाटे चार वीसला फलजच्या पाटावर पाळी माझी:
चिंध्यांचा बोळा काढायचा, दगड सरकवायचा.
आधी नुसता आवाज येतो,
मग वाफ्यात एक काळी जीभ.

मुनीम बांधावर बसून हिशेब ठेवतो,
एक कान अर्धाच आहे त्याचा.
बटवी माझ्या ओल्या पावलात पाऊल टाकत येते
आणि काल भेंडी टोकली नेमकं तिथेच उकरते.
तिसरीला नाव ठेवलं नाही.
राहील असं वाटलं नव्हतं.
तिची पिल्लं खताच्या रिकाम्या गोणीत आहेत.

कोथिंबीर धण्यावर गेली. टोमॅटो संपले.
वांग्याला अजून चार फुलं, उगीच.
खजूर हिरवे, बोराएवढेसुद्धा नाहीत,
तरी खलफान दोराच्या वेढ्यात पाठ टेकून वर चढलाय,
घोस झावळीला बांधतोय.
वरूनच विचारतो, यंदा कधी निघणार?
नऊ जूनला, मी म्हणते, खुरपं न थांबवता.
पुढचं मी विचारत नाही,
तोही सांगत नाही.

काल संध्याकाळी फाटकाशी आले तर
हा माशांची डोकी घेऊन उकिडवा बसलेला.
ये बाला, ये बाला, म्हणत होता.
ळ जमत नाही त्याला.
मुनीम गेला. बटवी तर आधीच गेली होती.
बिननावाचीने गोणीतून तोंड काढलं,
माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

मी बाहेरच थांबले,
विळा पाठीमागे धरून,
डोकी संपेपर्यंत.