काळी दोन, पांढरी दोन

महूच्या गार्ड हॅनिगननं सामान विकायला काढलं
त्या रविवारी मीटरगेजनं गेलो होतो.
घरात शिलाई मशीन हवं होतं.
ते आधीच कुणी नेलेलं. आणली
एक लाखेची तबकडी, सात रुपयांना.
वहिनी दोन दिवस बोलली नाही.

लेबल कसरीनं खाल्लेलं. बाईच्या नावातलं
शेवटचं ‘रीन’ तेवढं शाबूत.
स्नेहलतागंजच्या वरच्या खोलीत
आम्ही तिला रीनबाईच म्हणायचो.

आधी खरखर यायची,
कढईत मोहरी टाकून कुणी
झाकण ठेवायला विसरावं तशी.
मग दोन गल्ल्या पलीकडून पियानो.
मग ती श्वास घ्यायची.
गाणं नंतर.
श्वास आधी, चांगला ऐकू येईल असा.

दुसऱ्या कडव्यात सुई उडायची,
एक शब्द कायमचा खड्ड्यात.
मी म्हणायचो, तिथं ‘घर’ असणार.
नरू ओखदे म्हणायचा, ‘मरण’.
त्याला इंग्रजी माझ्याहून कमी यायचं.
पण पेटीवर बोट ठेवून त्यानं सांगितलेलं:
काळी दोन. पोरगी आहे रे,
बावीसची. फार तर तेवीस.

आता भाचीनं रॉटरडॅमहून सीडी पाठवली आहे.
सोबत पुस्तिका. तिच्यात पूर्ण नाव,
गाव, तारीख, ट्रंपेट कुणाचं तेसुद्धा.
लावली.
मोहरी नाही.
पियानो इतका जवळ
की झाकणात बोट सापडेल.
आवाज धुतलेला, खळ घालून इस्त्री केलेला,
आणि श्वास नाहीच.
थेट पहिला शब्द,
चपला न काढता कुणी आत यावं तसा.

पेटी काढली. नरूचीच,
त्याच्या मागं माझ्याकडे आलेली.
भाता फुसफुसतो, पण स्वर देतो.
पांढरी दोन.
पुन्हा लावून पाहिलं. पांढरी दोन.
म्हणजे चाळीस वर्षं आमचं यंत्रच
जरा धावत होतं,
आणि रीनबाई बावीसची कधी नव्हतीच.
पस्तिशी उलटलेली, उभं राहून
टाचा दुखत असतील अशी बाई.

खड्ड्यातला शब्दही कळला.
‘आणि’.
एवढंच. नुसतं ‘आणि’.

चिडून भाचीला लिहायला बसलो:
हा श्वास कापला कुणी?
कुण्या गाढवाला तो कचरा वाटला?
तिथं पेन थांबलं.

आकाशवाणीत एकतीस वर्षं
मी दुसरं काय करत होतो?
ब्लेडनं टेप तिरपी कापायची,
पांढऱ्या पट्टीनं चिकटवायची.
व्याख्यात्यांचे खोकले, कीर्तनकारांचे आवंढे,
आणि एकदा, देवासहून आलेल्या
आजारी बाईंचा
तानेआधीचा लांबलचक श्वास.
‘छान, सफाई आली,’ ऐकून त्या म्हणाल्या.
मग पदर सावरत बराच वेळ
खुर्चीतून उठल्या नाहीत.
मी घड्याळ बघत होतो.

तुकडे पायाशी पडायचे, तपकिरी, वेटोळी.
संध्याकाळी गोवर्धन झाडू मारायचा.
‘भिया, आज तो भोत निकला,’ म्हणायचा,
सुपलीभर माणसांचे श्वास घेऊन
जिन्याखालच्या डब्याकडे जायचा.

पत्र तसंच ठेवलं.
तबकडी काढली, मऊ फडक्यानं पुसली.
यंत्राचा वेगाचा स्क्रू
अर्धा आटा मागं फिरवला, मग अजून थोडा,
पेटीशी जुळेपर्यंत.

मोहरी तडतडली. पियानो, दोन गल्ल्या पलीकडे.
मग श्वास,
आता थोडा जड, थोडा उशिराचा.
दुसऱ्या कडव्यात सुई उडाली
तेव्हा मीच म्हणालो, ‘आणि’.

ती तोवर पुढं गेली होती.